पंखा : चालू

२ मार्च, सोमवार

सकाळी आठपासून दीडपर्यंत पेटी उघडी टाकून समोर बसलो आणि एक कॉल तुटला नाही. एक! गेले दहा दिवस हॉस्पिटल बोंबलतंय की बोर्डावरून वॉर्डात जोडून दिलेले फोन बोलता बोलता मरतात. मी समोर बसलो की ही एक्स्चेंजची पेटी पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाणी.

व्होल्टेज पाहिलं, बरोबर. अर्थिंग पाहिलं, बरोबर. अकराच्या अकरा कार्डं काढली, त्यांची पितळी टोकं खोडरबरानं घासली, परत बसवली. मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन स्वतः फोन लावले. पलीकडे बोलायला कुणी हवं, म्हणून एका सिस्टरला धरलं. म्हटलं, "काहीही बोला, पण दहा मिनिटं बोला." तिनं सुनेची गाऱ्हाणी सुरू केली. दहाची पंचवीस मिनिटं झाली. लाइन खणखणीत.

रिपोर्टात लिहिलं— "दोष आढळला नाही."

बोर्डावर वहिनी होत्या. निघताना म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही गेलात की पुन्हा सुरू होईल, बघा." मला राग आला. सव्वीस वर्षं झाली मला या धंद्यात. नुसत्या आवाजावरून सांगतो कुठे काय बिनसलंय ते. म्हटलं, "यंत्र आहे ते. माणूस बघून वागायला ते काय नातेवाईक आहे?"

हसल्या नाहीत.

३ मार्च, मंगळवार

आज मी दुसऱ्या कामावर होतो. हॉस्पिटलात अकरा ते दीडमध्ये नऊ कॉल तुटले. व्यवस्थापकांनी दुपारी बोलावून घेतलं. मी मनात त्यांना टाचणी म्हणतो. टाचणी लावल्याशिवाय त्यांचा कागद हलत नाही, आणि बोलणंही तसंच टोचून.

एका मुलीनं फोन केला होता. वडिलांच्या छातीत कळा येत होत्या, आत्ता आणू का, डॉक्टर आहेत का, एवढंच तिला विचारायचं होतं. वहिनींनी तीनदा अतिदक्षता विभागाला जोडून दिलं, तीनदा तुटलं. मुलगी वडिलांना घेऊन दुसरीकडे पळाली. म्हातारे वाचले, पण थोडक्यात. तिनं लेखी तक्रार दिली आहे.

टाचणीनं तक्ता काढून ठेवलाय. तारीख, वेळ, पाळी. "सगळे कॉल सकाळच्या पाळीत तुटलेत. दुपारच्या पाळीत एकही नाही. मशीन ठीक आहे, हे तुम्हीच काल लिहून दिलंत. मग उरलं काय?"

उरल्या वहिनी.

सोळा तारखेला समिती बसणार. तोवर मशीनमध्ये दोष सापडला तर ठीक. नाहीतर ऑपरेटर निष्काळजी ठरणार आणि घरी जाणार. तक्रारवहीही मागितली. फोनची कुठलीही तक्रार आली की ऑपरेटर त्या वहीत नोंदवते, मी खाली सही करतो. चालू वही वहिनींनी दिली. आधीची, ऑगस्ट ते डिसेंबरची, म्हणे सापडत नाही. टाचणीनं लगेच लिहून घेतलं— "नोंदी गहाळ". ज्या बाईची सुई वीस वर्षं एकाच डबीत असते तिची वही आत्ताच हरवायची होती!

दादा गेला तेव्हा वहिनी चौतिसाच्या होत्या. पदरात लहान मुलगी. सहा महिने घरात नुसत्या वावरत होत्या, पाय न वाजवता. एकदा हिला म्हणाल्या, "हाताला काम नसलं की आपल्याच घरात पाहुणी झाल्यासारखं वाटतं गं." हिनं मला सांगितलं. तेव्हा मी आमच्या दुरुस्ती कंपनीच्या मालकांच्या हातापाया पडलो, मालक हॉस्पिटलवाल्यांशी बोलले, आणि मी वहिनींना त्या खुर्चीवर बसवलं. बोर्ड मीच शिकवला. एकोणीस वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन गेली, आता तीच खुर्ची त्यांचं सगळं आहे. ती गेली तर बाई पुन्हा पाय न वाजवता चालायला लागेल, आणि ते मला बघवणार नाही.

५ मार्च, गुरुवार

कार्डांची अदलाबदल केली. आमची जुनी रीत आहे ही. तिसऱ्या खणातलं कार्ड पाचव्यात, पाचव्यातलं तिसऱ्यात. दुखणं कार्डाबरोबर हललं तर कार्ड खराब, खणातच राहिलं तर खण खराब. साधी गोष्ट.

दुखणं हललं नाही आणि राहिलंही नाही. मी दीडपर्यंत बसलो, एकही कॉल तुटला नाही.

साप म्हणून भुई धोपटतोय.

६ मार्च, शुक्रवार

मी नव्हतो. अकरा कॉल तुटले.

७ मार्च, शनिवार

आज जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. पेटी तपासायच्या निमित्तानं वहिनींच्या मागे स्टूल टाकलं आणि चार तास त्यांच्या बोटांकडे बघत बसलो. चुकून दुसरंच बटण दाबतात का, घाईनं आधीच तोडतात का, डोळ्यांना कमी दिसतंय का.

जागा ही एवढीशी. पुढे बोर्ड, मागे कोनाड्यात पेटी, पेटीला खेटून गेल्या सप्टेंबरात आणून टाकलेला यूपीएस— दिवसभर घोंघावत असतो. बोललेलं ऐकू येत नाही, तरी वहिनी ज्याला जो नंबर हवा तो बरोबर जोडतात. एकशेबारा एक्स्टेन्शन तोंडपाठ. "रक्त तपासणी" असं पलीकडून पुरतं निघालेलंही नसतं, इकडे घंटी वाजते. दुपारच्या बाईला एवढ्या वर्षांत दहा नंबर पाठ नाहीत. पेटीच्या दाराला आतून मी यादी चिकटवलीय, तीत बघून बघून फोन लावते.

बाराच्या सुमारास वहिनी मागे न वळता म्हणाल्या, "भावोजी, माझा हात बघायला बसलात का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. म्हटलं, "छे, पेटीचा आवाज ऐकतोय."

"ऐका," म्हणाल्या.

एकही कॉल तुटला नाही. बोटं सोन्यासारखी आहेत. पण मग काय? मी असतो तेव्हा तुटत नाही. दुपारच्या बाईच्या हाती तुटत नाही. वहिनी एकट्या असल्या की तुटतं. डोकं एकाच उत्तराकडे जातं आणि मन त्याला लाथ मारतं.

घरी हिला हे बोलून दाखवलं तर माझ्याकडे बघतच राहिली. "घरचा माणूस ओळखायला तुम्हाला मीटर लागतो का?"

९ मार्च, सोमवार

मालकांचा फोन. "वहिनी आहे म्हणून टंगळमंगळ करतोयस, असं तिकडे बोलायला लागलेत. जे आहे ते लिहून दे आणि मोकळा हो. नाहीतर मी दुसरा माणूस पाठवतो."

सव्वीस वर्षांत माझ्या कामावर दुसरा माणूस आला नाही. तोंडात मारल्यासारखं झालं.

१० मार्च, मंगळवार

रिपोर्टाचा मसुदा केला. "सर्व कार्डे, पॉवर सप्लाय, बॅटरी, वायरिंग तपासले. यंत्रणेत दोष नाही." एवढंच. पुढचं टाचणी लिहील.

घडी करून खिशात ठेवला. संध्याकाळी घरी वहिनींनी चहा आणून ठेवला आणि पलीकडे बसल्या. बसत नाहीत कधी. मला वाटलं आता रडतील, किंवा म्हणतील काहीतरी करा. तसं काही नाही. म्हणाल्या, "तुम्हाला झोप नाही लागत हल्ली. मला कळतंय. जे दिसलं ते लिहा, भावोजी. माझ्यासाठी खोटं लिहू नका."

मसुदा खिशात चावत होता. दाखवला नाही. चहा गार झाला, तसाच प्यायलो.

१२ मार्च, गुरुवार

सापडलं.

नीट क्रमानं लिहितो, उद्या माझंच मला खरं वाटायचं नाही.

सकाळी नऊला जाऊन पुन्हा सगळं तपासलं, काही नाही, साडेदहाला निघालो. बसस्टॉपवर लक्षात आलं, मीटर पेटीवरच राहिला. एक काम उरकलं आणि पावणेबाराला परत गेलो. आत शिरतोय तोच वहिनींचा आवाज— "तुटला का? माफ करा हं, पुन्हा जोडते." आणि लगेच, "हॅलो? हॅलो?"

मीटर पेटीवर नव्हता. खुंटीला नीट अडकवून ठेवलेला. पेटीचं दार बंद, कुलूप लावलेलं, वरून निळ्या कापडाचं कव्हर, चारी कोपरे ओढून बसवलेलं. मी गेलो की वहिनी हे असं करतात. रोज करतात. एकोणीस वर्षं करतात.

कव्हर काढून दाराला हात लावला आणि झटकन मागे घेतला. दार तव्यासारखं तापलेलं.

दार उघडलं. गरम वाफ तोंडावर आली. दहा मिनिटांत कॉल तुटायचे थांबले. मग मुद्दाम दार लावलं, कव्हर घातलं, घड्याळ लावून बसलो. पस्तीस मिनिटांनी पहिला कॉल गेला, चाळिसाव्या मिनिटाला दुसरा. पुन्हा उघडलं, थांबले. दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच.

पेटीचा पंखा मागच्या बाजूला, वरच्या जाळीआड असतो. समोरून दिसत नाही. कागदाची पट्टी फाडून जाळीपाशी धरली. ती हलायला हवी. हलली नाही. मेलाय पंखा. धुळीनं गच्च होऊन जागच्या जागी बसलाय, आणि आज नाही, कधीचाच. थंडीत निभावून गेलं. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन वाढलं, अकरानंतर फोनांची गर्दी वाढली, की आतला पॉवर सप्लाय तापून व्होल्टेज टाकतो, कार्डं क्षणभर मान टाकतात, चालू कॉल तुटतात.

आणि मी काय करत होतो? रोज जाऊन पहिलं काम म्हणजे दार उघडत होतो. उघडलं की थंड. थंड झालं की दोष नाही. चोर यायच्या आधी मीच दिवा लावून बसत होतो. दुपारच्या बाईला नंबर पाठ नाहीत म्हणून यादी बघायला ती दार सताड उघडं ठेवते, कव्हर तर तिनं कधी हातातही धरलं नसेल. म्हणून तिच्या पाळीत सगळं सुरळीत. वहिनींना सगळे नंबर पाठ, दार उघडायची गरजच नाही, म्हणून दार बंद, आणि नाव खराब त्यांचं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आनंदानं ओरडायचं बाकी होतं. ओरडलो, पण भलतंच. म्हटलं, "वहिनी, अहो एवढी वर्षं पेटीला पाठ लावून बसता, पंखा बंद पडलेला तुमच्या कसा लक्षात आला नाही?"

त्या बोर्डाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "नाही आलं लक्षात, भावोजी."

"आणि हे कापड कशाला घालता एवढं आवळून?"

"तुम्हीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी. धूळ म्हणजे एक्स्चेंजचा काळ, दार बंद ठेवा, वरून कापड घाला, असं."

सांगितलं होतं खरं. पंखा चालू असताना कापडानं काही बिघडत नाही, खालून हवा जाते.

१३ मार्च, शुक्रवार

पंखा बदलला. जुना पिशवीत घालून आणलाय.

काल आनंदात एक गोष्ट डोक्यात शिरलीच नव्हती, ती आज शिरली आणि मांडी घालून बसली. डिसेंबरातल्या तिमाही तपासणीचा तक्ता. त्यात बावीस रकाने, सातवा— "पंखा". समोर माझ्या हातची बरोबरची खूण आणि "चालू". खाली माझी सही. धुळीचा थर बघता डिसेंबरात पंखा मेलेलाच होता. मी मागे वाकून बघितलंच नाही. पेटीपाशी उभा राहिलो, घोंघाव ऐकला, खूण केली. तो घोंघाव यूपीएसचा होता. कानाची मिजास करणारा मी!

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "पंख्याचं नाव काढू नकोस. पंखा काढलास की डिसेंबरचा तक्ता निघतो. तक्ता निघाला की मी हॉस्पिटलला तोंड कसं दाखवू? आणि माझ्याआधी तू जाशील, हे ध्यानात ठेव."

म्हटलं, "मग लिहू काय?"

"खोटं लिही, असं मी म्हणतच नाही. दार बंद होतं की नव्हतं? कापड होतं की नव्हतं? ऑपरेटरनं पेटी कापडानं झाकल्यामुळे आत उष्णता कोंडली. बस्स. झाकली कुणी? तिनंच ना?"

फोन ठेवला. हात फोनवरच राहिला.

१४ मार्च, शनिवार

वहिनींना सगळं सांगितलं. तक्त्याचंही. वाटलं होतं रागावतील. तक्त्याचं ऐकून दचकल्याही नाहीत. म्हणाल्या, "कापड मीच घालते ना? मग लिहा तसं. तुमची दोन मुलं अजून शिकतायत. माझं काय, एकटा जीव."

"वहिनी, घरी पाठवतील तुम्हाला."

"पाठवू दे की. एकोणीस वर्षं बसले खुर्चीवर, पाठ दुखते आता."

पाठ कधी दुखत नाही त्यांची.

आणि मी लिहिलं. मालकांनी सांगितलं तसंच. "ऑपरेटरकडून कापडी कव्हर घातले गेल्याने." सही केली. खरं सांगतो, सही केल्यावर बरं वाटलं. दुपारी जेवणही गेलं.

१५ मार्च, रविवार

ही कपडे धुवायला घेताना खिसे तपासते. रिपोर्ट सापडला. वाचला. दारात उभी राहून म्हणाली, "उद्या वहिनी जेवायला बसतील तेव्हा ताट तुम्ही वाढा. माझ्याच्यानं होणार नाही."

मी आवाज चढवला. मुलांच्या शिक्षणाचं काढलं, मालकांचं काढलं, वहिनीच हो म्हणाल्यात, हेही काढलं. हिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या हो म्हणणारच. त्यांनी कधी नाही म्हटलंय या घरात?"

दिवसभर बोलली नाही. पलीकडच्या खोलीत वहिनी उद्यासाठी साडीला इस्त्री करत होत्या. समितीपुढे जायचं म्हणून नेहमीपेक्षा चांगली काढली होती. मी दारावरून तीनदा गेलो. आत जाववलं नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१६ मार्च, सोमवार

साडेअकराला बोलावलं. लांब टेबल, टाचणी, दोन डॉक्टर, तक्रार केलेली ती मुलगी, मालक आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत वहिनी. माझ्या एका खिशात शनिवारचा रिपोर्ट, पिशवीत जुना पंखा.

टाचणी म्हणाले, "रिपोर्ट?"

खिशात हात घातला. कागद बोटाला लागला. वहिनींकडे बघितलं तर त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या— द्या, द्या. लहान मुलाला धीर देतात तशा. ते बघितलं आणि मला ते जमेना.

पिशवीतून पंखा काढून टेबलावर ठेवला. धुळीचा एक गठ्ठा त्यांच्या कागदांवर पडला. पात्याला बोट लावून दाखवलं, हलत नाही. म्हटलं, "दोष हा आहे. डिसेंबरच्या तक्त्यात हा चालू आहे असं मी लिहिलंय. मी बघितलं नव्हतं. कव्हर घालायला ऑपरेटरना मीच शिकवलं होतं. त्यांनी सांगितल्याबरहुकूम काम केलं, मी केलं नाही."

मालक टेबलाकडे बघत राहिले. मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे फोन ह्या बाई तोडत नव्हत्या?" कुणीतरी "नाही" म्हणालं. ती वहिनींकडे वळून म्हणाली, "मी तुम्हाला फोनवर काय काय बोलले त्या दिवशी." वहिनी म्हणाल्या, "अहो, वडील होते तुमचे."

टाचणीनं शेवटचा प्रश्न मला विचारला. "पंखा बंद पडल्याचं तुम्हाला कुणी कळवलं होतं का? तुमच्या वहिनींनी?"

मी छातीठोकपणे सांगितलं, "नाही. कुणीच नाही. यूपीएसच्या आवाजात त्यांच्याही लक्षात आलं नाही. त्यांनीच तसं सांगितलं मला."

टाचणीनं वहिनींना विचारलं, "बरोबर?"

वहिनी पदराशी चाळा करत होत्या. "हो," म्हणाल्या.

वहिनी खुर्चीवर राहणार. पत्र उद्या मिळेल.

१७ मार्च, मंगळवार

मालकांनी किल्ल्या आणि ओळखपत्र ठेवून घेतलं. "सव्वीस वर्षं," एवढंच म्हणाले. मीही एवढंच म्हणालो.

हॉस्पिटलात आज एकही कॉल तुटला नाही.

१८ मार्च, बुधवार

नोकरी गेली आणि तरी छाती फुगली आहे, हे कुणाला सांगू? हिनं सकाळी न मागता दुसरा चहा दिला. रस्त्यानं जाताना वाटत होतं, दादा असता तर पाठीवर हात ठेवला असता. एकोणीस वर्षांपूर्वी वहिनींना त्या खुर्चीवर मी बसवलं आणि परवा पडू दिलं नाही. माणसानं आयुष्यात एक तरी काम असं करावं.

वहिनी मात्र गप्प गप्प. मला वाटतं संकोच वाटत असेल, माझी नोकरी त्यांच्यापायी गेली म्हणून. जेवताना म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासाठी एवढं तरी करायलाच हवं होतं." त्या उठून पाणी आणायला गेल्या.

२० मार्च, शुक्रवार

ही म्हणाली, घरी बसलाच आहात तर माळा तरी आवरा. ट्रंकेमागे वहिनींच्या जुन्या, विटक्या निळ्या कव्हरात काहीतरी गुंडाळलेलं सापडलं. तक्रारवही. ऑगस्ट ते डिसेंबर.

वहिनींचं गोल अक्षर. "१४ नोव्हेंबर, सकाळी ९.१०. पेटीच्या पंख्याचा आवाज येत नाही." खाली माझं अक्षर. "पाहिले. ठीक आहे." सही. "२१ नोव्हेंबर. पंखा बंदच वाटतो. पुन्हा सांगितले." खाली "ठीक आहे." सही. "३ डिसेंबर. पंखा." पुढे काही नाही. खाली सही.

हे एक पान त्यांनी तीन तारखेलाच टाचणीपुढे ठेवलं असतं तर त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं.

दोनला त्यांची पाळी सुटते. घ्यायला जातो आहे.